टीचरच्या ॲम्पमधले जुने कंडेन्सर

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी ओझरच्या विमान कारखान्यात उपकरणं तपासायच्या कामावर होतो आणि बायको शरणपूर रोडच्या एका शाळेत गणित शिकवायची. त्याच शाळेत संगीत शिकवणाऱ्या बाई होत्या. पोरं त्यांना टीचर म्हणत, म्हणून बाकीचे शिक्षकही टीचरच म्हणत, आणि पुढे मीसुद्धा. रविवारी त्या चर्चमध्ये गिटार वाजवत.

एका शनिवारी त्या रिक्षातून एक जड करडं खोकं घेऊन आमच्या दारात उतरल्या.

"दादा, हा माझ्या गिटारचा ॲम्प. भाऊ बोटीवर असतो ना, त्याने फार वर्षांपूर्वी जपानहून आणला. आता मी वाजवायच्या आधी हाच घूं करायला लागतो. सगळे प्रार्थनेला डोळे मिटतात आणि हा एकटा बोलत असतो."

मी तोवर घरचे रेडिओ उघडले होते, ॲम्प कधीच नाही. मागची फळी काढली तर आत जुने काचेचे व्हॉल्व आणि त्यांच्या खाली सुट्या भागांची दाटी. कंडेन्सरवर सगळं जपानीत लिहिलेलं, आकडे सोडले तर एक अक्षर कळेना. रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे मात्र आपल्यासारखेच. ते बघून बरं वाटलं, परक्या गावात ओळखीचं माणूस दिसावं तसं.

कारखान्यात आमचा नियम सोपा होता. भागाचं ठरलेलं आयुष्य संपलं की तो काढायचा, चांगला असो की वाईट. आकाशात शंका ठेवून चालत नाही. इथे मात्र तशी घाई नव्हती. इतक्या वर्षांनी यातलं कोण धड आहे आणि कोण नाही, हे मला एकेकाला विचारून बघायचं होतं.

पहिल्याच फटक्यात मी फसलो. एका मोठ्या कंडेन्सरच्या बुडाशी तपकिरी ओघळ दिसला. फुटून गळला, असं मी बायकोला ठामपणे सांगितलं. खरवडून बघितलं तर तो डिंक होता, कंडेन्सर हलू नये म्हणून ॲम्प बनवतानाच लावलेला. कंडेन्सर अगदी ठणठणीत निघाला. वरून स्वच्छ दिसणाऱ्या त्याच्या शेजाऱ्याचं डोकं मात्र किंचित फुगलं होतं, आणि घूं आवाज तोच करत होता. रेझिस्टरची वेगळीच गंमत. जागेवर मोजताना आकडा कमी आला तर तो शेजारच्या भागांमुळेही असू शकतो, त्याला दोष देता येत नाही. पण रंगीत पट्ट्यांनी सांगितलेल्या आकड्यापेक्षा जास्त आला तर तो रेझिस्टर नक्की म्हातारा झालाय. असे तीन-चार सापडले.

ज्याच्यावर संशय आला तो प्रत्येक भाग मी बदलला. काढलेले भाग श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवले. ॲम्प लावला तर घूं पूर्ण गेलं होतं.

टीचरनी गिटार जोडली, थोडं वाजवलं आणि थांबल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"हा माझा ॲम्प नाही वाटत."

"छान तर वाजतोय," बायको म्हणाली.

"छान वाजतोय गं. पण पोटभर जेवून आलेल्या माणसासारखा बोलतोय. माझा जरा उपाशी होता."

त्या गेल्यावर मला वाटलं, सवयीचा प्रश्न आहे, चार दिवसांत विसरतील. पण डोक्यातून जाईना. त्या उपाशी म्हणाल्या ते मला नीट समजलं होतं. मग तो आवाज डब्यातल्या कुठल्या भागात होता?

पुढच्या रविवारी चर्च आटोपून त्या आल्या. मी त्यांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. दर वेळी वीज बंद करायची, आत साठलेला करंट उतरवायचा, एक नवा भाग काढून तिथे जुना जोडायचा, आणि त्यांनी तीच ओळ पुन्हा वाजवायची. मध्ये एकदोनदा मी नुसताच सोल्डरिंगचा वास काढला आणि काहीच बदललं नाही.

"तसाच आहे," त्या म्हणाल्या. एकदाही फसल्या नाहीत. रेझिस्टर झाले, मोठे कंडेन्सर झाले, चहा दोनदा झाला. शेवटी पहिल्या व्हॉल्वच्या पायाशी असलेला करंगळीच्या पेराएवढा कंडेन्सर मी परत जोडला. त्यांनी दोन तारा छेडल्या आणि मागे न बघताच हसल्या.

"आला!"

तो काढून मोजला. वर पंचवीस मायक्रोफॅरड लिहिलेलं, आत जेमतेम एक उरलेलं. खालच्या सुरांना जोर देणं हे त्याचं काम. तो आतून सुकत गेला तसे खालचे सूर बारीक होत गेले, इतके हळूहळू की टीचरना पत्ताच लागला नाही. त्यांना आवडायला लागलेला आवाज म्हणजे हा सुकलेला कंडेन्सर होता.

"मग हाच राहू द्या," त्या म्हणाल्या.

"हा उद्या आणखी सुकेल. त्यापेक्षा मी मुळातच एकचा नवा घालतो."

तसंच केलं. त्यांनी ऐकलं आणि ॲम्प रिक्षात ठेवला.

नाताळात त्यांचा भाऊ सुट्टीवर आला आणि ॲम्प पुन्हा आमच्या घरी आला, या वेळी दोघांसकट. "काय केलंत हो याचं?" भाऊ म्हणाला. "मी दुकानात वाजवून घेतला तेव्हा कसा भरून बोलायचा."

"कधीच नाही," टीचर म्हणाल्या. "घरी कोण ऐकत होतं, मी की तू?"

दोघांचंही खरं होतं, हे मला कळत होतं. मी त्यांना तो सुकलेला कंडेन्सर दाखवला. भावाने तो तळहातावर घेऊन बराच वेळ बघितला. त्याने ॲम्प विकत घेऊन बहिणीला दिला होता आणि तो परत बोटीवर गेला होता. जो आवाज त्याने मनात ठेवला तो पहिल्या दिवसाचा होता, आणि बहिणीने ऐकला तो नंतरच्या सगळ्या वर्षांचा.

ॲम्पच्या मागे मी एक छोटं बटण बसवून दिलं. एकीकडे एकचा कंडेन्सर, दुसरीकडे पंचवीसचा. भावाने बटण आपल्या बाजूला केलं आणि वाजवायला लागला. आमच्या खिडकीची काच थरथरली. टीचर डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"असा होता होय हा?" त्या म्हणाल्या.

"असाच."

"मग मला आधी सांगायचं नाही का?"

"पत्रातून आवाज कसा सांगणार?" तो हसला, बटण बहिणीच्या बाजूला केलं आणि गिटार तिच्या हातात दिली.