फ्रिजचा खालचा कप्पा

शिवणवाल्या काकूंच्या लेकीचा ॲक्सोलॉटल, म्हणजे पाण्यात राहणारा, पालीसारखा, गालांवर झुपके असलेला जीव, नऊ दिवस काही खात नव्हता. लेक परीक्षेला परगावी गेलेली. ती येईपर्यंत याला जगवायचंच, असा काकूंनी चंगच बांधला. प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, “पाणी कोमट झालंय, गारव्यात ठेवा.” काकूंनी फ्रिजचा खालचा कप्पा रिकामा करून त्याचा पाण्याचा डबा तिथे ठेवला.

“अगं, दूध कुठे ठेवू?” काका करवादले.

“पिऊन टाका!”

रोज गार पाणी बदलायचं, देवाचं नाव घ्यायचं आणि दोरे ओढायच्या चिमट्याने गांडूळ त्याच्या तोंडापुढे हलवायचं. गिऱ्हाइकं खोळंबली, तरी काकूंचा नेम चुकला नाही. पाचव्या दिवशी त्याने गांडूळ गपकन गिळलं.

काकूंनी लगेच दुसरं उचललं.