भुईचे दोन थेंब

किन्हीराजाजवळच्या बारमध्ये रोज दिसणाऱ्या त्या म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. विदेशी मालाला तो हात लावत नसे. चखन्याचं पाकीटसुद्धा कुठे बनलंय ते उलटून बघे. बियरची बाटली उघडली की बोट बुडवून दोन थेंब भुईला शिंपडायचा, मगच घोट घ्यायचा.

एकदा मी सांगितलं, "काका, हे कंपनी परदेशवाल्यायनं कवाच इकत घेतली."

त्याचा चेहरा पडला. म्हणून पुण्याच्या पोरांनी छोट्या कारखान्यात बनवलेली बियर मी त्याच्यासाठी आणली. त्याने थेंब शिंपडले, घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि नेहमीचीच बाटली मागवली.

"काहून, काका?"

"भुईले देशीच पायजे, भाऊ. तिले तुमची देत जाईन. माहं काय, मी कायबी पेतो."