कंपाउंडरकाकूंची बरणी

आयुष्यात मी मूर्खपणा पुष्कळ केला, पण त्यातला पहिल्या नंबरचा असा: शेजारच्या काकूंनी तीस वर्षं वाट पाहून भरलेली बरणी मी एका सकाळी उकिरड्यावर रिकामी केली, राखेनं घासून लख्ख केली, आणि वर सांगितलं की मांजरानं सांडली.

तेव्हा मी तिशीच्या आत होते, भोकरदनला सासरी, आणि बी.ए. पास. आमच्या गल्लीत बी.ए. झालेली सून मी एकटीच. हे मला कुणी विचारत नसे, म्हणून मीच सांगत असे. भाजीवालीलाही सांगून झालं होतं. आता नात माझा मोबाइल सुरू करून देते तेव्हा मला ती बी.ए. आठवते आणि मी एकटीच हसते.

काकू म्हणजे कंपाउंडरकाकू. नवरा दवाखान्यात कंपाउंडर होता म्हणून. त्यांचं खरं नाव कोरियातलं, ते गल्लीत कुणाला धड म्हणता आलं नाही. लग्नात सासरच्यांनी तांदळात लिहिलेलं नाव त्यांना आवडलं नाही. तेव्हा दोन्ही राहू द्या. बुटकी, गोरी, बारीक डोळ्यांची बाई. नऊवारी नेसायची ती हसनाबादच्या सासूनं शिकवली तशी, घट्ट.

काहीही बिघडलं की काकू उजवा हात उलटा करून, अंगणातल्या कोंबड्या हाकलाव्यात तसा समोर झटकायच्या आणि म्हणायच्या, "पुढं."

दूध उतू गेलं, पुढं. एसटी चुकली, पुढं, आणि पायी सुटायच्या. नवऱ्याच्या तेराव्याला बायका गळ्यात पडून रडायच्या तयारीनं आल्या, तर काकूंनी पहिलीलाच विचारलं, "जेवलीस का?" ती गोंधळली. "मंग बस, जेव. पुढं." बायका घरी जाताना म्हणाल्या, या बाईला काळीजच नाही. मीही म्हणाले. बी.ए. असून.

तो शब्द कुठून आला ते मला पुष्कळ नंतर कळलं. आम्ही दोघी अंगणात तूर निवडत होतो. मी सहज म्हणाले, "काकू, तुम्हाला रडू येतच नाही का हो?"

त्या सुपातून नजर न काढता बोलल्या. त्यांच्या देशात लढाई लागली तेव्हा त्या सोळा-सतरा वर्षांच्या. बर्फाचे दिवस. सगळा गाव दक्षिणेकडे चालत निघाला होता, वर विमानं. काकू पुढे, आई मागे, आईचा हात त्यांच्या पाठीवर.

"माय एकच म्हनायची. मागं बघू नको. पुढं. आमच्या बोलीत. दिवसभर तेच. मंग एका ठिकानी हात लागंना झाला. मी वळले. मानसंच मानसं, पन माय न्हाई."

"मग तुम्ही शोधलं नाही?"

"परत गेले ना. तं लोक म्हनले, तिकडं बाँब पडून राह्यलेत, वेडी हायेस का. मी उभी राह्यले. मंग मायनं सांगितल्तं तेच केलं." आणि हात झटकला.

तुरीतला खडा त्यांनी माझ्या सुपातूनही काढून टाकला. माझ्याकडून राहिला होता.

पुढे दक्षिणेत त्या आपल्या भारताच्या फौजेच्या दवाखान्याशी पोचल्या. रक्ताच्या पट्ट्या धुवायचं काम मिळालं, गोठलेल्या पाण्यात. तिथं हसनाबादचा एक आर्डर्ली होता, पुढे भोकरदनला कंपाउंडर झाला तोच. तो रोज सकाळी काही न बोलता हिच्या बादलीत एक तांब्या गरम पाणी ओतायचा. झालं, एवढंच यांचं प्रेमप्रकरण. मी त्या वेळी कादंबऱ्या वाचत असे, मला ते फार कमी वाटलं. म्हटलं, "काकू, पण ते काही बोलले असतील ना?"

"काय बोलंल? त्याला माझी बोली न्हाई, मला त्याची न्हाई. गरम पानी वतलं. अजून काय पाह्यजे?"

बोटीनं मुंबई, रेल्वेनं जालना, बैलगाडीनं हसनाबाद. सासूनं वर्षभर चुलीजवळ फिरकू दिलं नाही. मग एक दिवस परात पुढे सरकवली. काकूंच्या पहिल्या शंभर भाकरी म्हशीनं खाल्ल्या, असं त्या स्वतःच सांगत. "एकशे एकावी नवऱ्यानं खाल्ली. म्हैस लई नाराज झाली."

पुढे चीनशी लढाई झाली तेव्हा गावातले चार जण दाराशी आले, ही बाई चिनी आहे म्हणत. तीच सासू उंबऱ्यात उभी राहिली. म्हणाली, "माझी सून हाय ती. ती चिनी असंल तं मीबी चिनी. न्या मला." कुणी नेलं नाही. त्या सासूला न्यायची कुणाची बिशाद होती!

आता बरणीकडे येते.

काकूंना इथलं सगळं जमलं, पण एक गोष्ट राहून गेली. त्यांच्याकडे एका दाण्याचा खारवलेला लगदा करतात. वर्षाची बेगमी असते ती, आपल्याकडच्या मसाल्यासारखी. तिच्याशिवाय त्यांची आमटी नाही की भाजी नाही. त्यांच्या आईच्या अंगणात अशा सात बरण्या होत्या. पण तो दाणा आपल्याकडे नव्हता. काकूंनी हरभऱ्याचा करून पाहिला, उडदाचा केला, कुळथाचा केला. दर वेळी नासला. दर वेळी कंपाउंडरकाका बिचारे एक घास खात आणि "बरंय की" म्हणत. मग काका गेले, आणि तसं म्हणणारंही कुणी उरलं नाही.

"मायचं तोंड आता आठवत न्हाई," काकू एकदा म्हणाल्या. "आवाजबी गेला. फक्त जिभेवर थोडीशी राह्यली हाय. तीबी चालली."

त्याच सुमारास आमच्या भागात एक नवं पीक आलं. आमचे हे शेतकी खात्यात होते. केदारखेड्याच्या एका शेतकऱ्यानं त्यांच्या पिशवीत मूठभर दाणे दाखवायला म्हणून दिले होते. पिवळे, गोल, वाटाण्याहून लहान. मी ते ताटलीत घालून ओट्यावर ठेवले होते. काकू ताक न्यायला आल्या. एक दाणा उचलला. दाताखाली फोडला. आणि तिथंच उंबऱ्यावर बसल्या.

"काकू, काय झालं?"

"कुठून आलं हे?"

"केदारखेड्याहून. सोयाबीन म्हणतात त्याला."

ताक तिथंच राहिलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं काकू केदारखेड्याला. शेतकरी म्हणाला, "काकू, हे मानसानं खायचं न्हाई हो, ह्याचं तेल काढतेत."

काकू म्हणाल्या, "तुमी तेल काढा. मी खाते."

आज तुम्ही जालन्याकडून इकडे आलात तर दोन्ही बाजूंना सोयाबीन दिसेल. पण तेव्हा अख्ख्या तालुक्यात ते पोटात घालणारी ही एकटी बाई होती. तिनं ते भिजवलं, दिवसभर शिजवलं, उखळात कुटलं, विटांसारखे गड्डे केले, गव्हाच्या काडानं बांधले आणि मागच्या खोलीत आढ्याला टांगले. महिना-दीड महिना. त्यांच्यावर पांढरी, काळपट बुरशी आली. वास असा, की आमच्या सासूबाईंनी त्या बाजूची खिडकी खिळा मारून बंद केली. काकू मात्र रोज सकाळी जाऊन त्या बुरशीकडे असं बघायच्या, जसं आपण पाळण्यात बघतो.

मग गड्डे धुऊन, वाळवून, लोणच्याच्या मोठ्या चिनी मातीच्या बरणीत मिठाच्या पाण्यात बुडवले. वर दोन-तीन लाल मिरच्या आणि कोळशाचे खडे. मीठ, मिरची, कोळसा! आपल्याकडे मूल किरकिरलं की दृष्ट काढायला मीठ-मिरच्याच तर लागतात. मी म्हटलं, "काकू, बरणीची दृष्ट काढून राहिलात का?"

"काढली पाह्यजे. तू रोज वाकून बघती ना."

तेवढ्यात काकूंच्या डोळ्याच्या आपरेशनची तारीख आली. संभाजीनगरला मुलीकडे पाच दिवस. जाताना मला बरणी सोपवली. "सकाळी झाकन काढ, फडकं बांध, ऊन लागू दे. सांजच्याला झाकन लाव. बाकी काही करू नको. बिलकुल काही करू नको."

मी म्हटलं, "काकू, मी बी.ए. आहे."

"म्हनून तं सांगते."

पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी मला कावळा शिवला. आमच्या घरी त्या चार दिवसांत बाजूला बसायचं. लोणच्याच्या बरणीवर सावलीसुद्धा पडता कामा नये, नाहीतर लोणचं नासतं. सासूबाईंना सांगावं, तर त्या काकूंच्या बरणीला हात लावणार नाहीत. मी मनात म्हटलं, हे सगळं अडाणीपण आहे. मी शिकलेली आहे. मागच्या दारानं गेले आणि झाकण काढलं.

तिसऱ्या दिवशी फडकं सोडलं, तर वर पांढरी साय. बुरशी.

त्या क्षणी माझी बी.ए. कुठं गेली ते मला आजतागायत सापडलेलं नाही. डोक्यात एकच, माझ्या विटाळानं नासलं. मी नासवलं. आता वास सुटेल, किडे पडतील, काकू येऊन विचारतील, पाळी होती का, आणि गल्लीभर होईल. मी इकडे-तिकडे पाहिलं, बरणी कवेत धरली, परसातल्या उकिरड्यावर उपडी केली, वर राख-कचरा लोटला. बरणी घासली. इतकी घासली की तिच्यात माझं तोंड दिसलं. ते बघवलं नाही म्हणून उन्हात पालथी घातली.

पाचव्या दिवशी काकू आल्या, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. पिशवी खाली न ठेवता सरळ अंगणात.

मी म्हटलं, "काकू, मांजरानं सांडली हो."

काकूंनी उरलेल्या एका डोळ्यानं बरणीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "मांजरानं राख लावून घासली का?"

मग मला हुंदका आवरला नाही. सगळं सांगितलं, पाळीसकट. बुरशी आली होती, म्हटलं. माझ्यामुळं. काकू म्हणाल्या, "बुरशी यायचीच असते." एवढंच. मग परसात गेल्या आणि उकिरड्यापाशी माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मी वाट बघत होते, आता हात झटकतील, आता म्हणतील. हात हलला नाही. पाठ तेवढी एकदोनदा हलली. काळीज नाही म्हणणाऱ्या आम्ही. पाठीवरचा हात सुटला तेव्हाही ही बाई अशीच उभी राहिली असणार, हे मला त्या दिवशी कळलं, आणि या खेपेला तो हात मी काढला होता.

मग त्या वळल्या आणि जे बोलल्या ते शेवटी सांगते. त्याच्यानंतर मला लिहायला काही उरत नाही.

दुसरी बरणी आम्ही दोघींनी भरली. महिनाभर माझ्या हाताचा वास गेला नाही. सासूबाईंनी माझं ताट वेगळं मांडलं. उन्हं तापेपर्यंत ती बरणी मुरली. काकूंनी बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. मग म्हणाल्या, "खारट झालं."

मी झाकण उचललं.

"मायचंबी खारटच असायचं," काकू म्हणाल्या, आणि दुसरं बोट बुडवलं.

त्यानंतर एक वर्ष चुकलं नाही. आमच्या घरी डाळीत चमचाभर जाऊ लागलं, मग दोन चमचे. पुढे खुद्द सासूबाई शेवटच्या आजारात तोंडाला चव नाही म्हणून भाकरीबरोबर "ती शेजारची घाण" मागून घेत. काकूंची मुलगी सारखी म्हणे, आता माझ्याकडे चल. काकू म्हणत, तुझ्या फ्लॅटला ऊन कुठाय?

गेल्या वर्षी काकू गेल्या. नव्वदीला टेकल्या होत्या. शेवटच्या थंडीतही खाटेवरून मला सूचना चालू होत्या, फडकं सैल बांधलंय म्हणून. तेराव्याला मी येणाऱ्या प्रत्येकीला विचारलं, जेवलीस का.

बरणी आता माझ्या अंगणात असते. परवा नात वाकून बघत होती. "आजी, ह्याच्यावर पांढरं आलंय. फेकून देऊ?" ती एम.एस्सी. आहे. मी म्हटलं, हात लावशील तर बघ. मग तिला जवळ बसवून, उकिरड्यापासून वळून हिरव्या पट्टीतल्या काकू मला काय म्हणाल्या होत्या, ते सांगितलं. शब्दाला शब्द:

"माझ्या मायच्या सात बरन्या बाँबनं फुटल्या. तू बाँब हायेस का? बाईच हायेस ना? डोळे पूस. उद्या केदारखेड्याला जायचं, सोयाबीन आनायचं. अन् पाळी हाय म्हनून घरात बसलीस तं याद राख. जेवलीस का? मंग चल. पुढं."