उठल्याउठल्या सांगायचं स्वप्न

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बोलायला आता घरात कुणी उरलं नाही, असं म्हणता येईल — पण ते खरं कारण नव्हे. घरात माणूस होतं तेव्हाही मी गप्पच होतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ लिहितो आहे. सावकाश लिहीन. मध्येच थांबेनही, बहुतेक.

मी लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवायचो. निवृत्त झाल्यावर एका वसतिगृहानं मला शनिवारचा एक तास दिला. डॉक्टर व्हायला आलेली मुलं ती, कुणी किनवटचं, कुणी अर्धापूरचं, कुणी देगलूरचं. चार-चार तास झोपायची आणि ते अभिमानानं सांगायची. त्यांना मी ध्यान शिकवायचं, झोपेबद्दल आणि स्वप्नांबद्दल सांगायचं, असं ठरलं. दुपारी तीनला अभ्यासिकेतली टेबलं भिंतीला सरकवून सतरंज्या घालायच्या. ताठ बसा. डोळे मिटा. बाहेर पाण्याचा टँकर येईल, रिक्षा येईल, मेसमध्ये ताटं वाजतील — आवाज येऊ द्या, जाऊ द्या, त्याच्यामागे जाऊ नका. दहा मिनिटांत अर्धी खोली घोरायला लागायची. एकजण मला म्हणालाही, "सर, तुमच्या तासाला लई भारी झोप लागती." ती शाबासकी आहे असं मी धरून चाललो.

स्वप्नांच्या तासाला मी प्रत्येकाला चाळीस पानी वही आणायला सांगायचो. ती उशाशी ठेवायची. जाग आली की आधी दुसरं काही करायचं नाही. तोंड धुवायचं नाही, मोबाइल बघायचा नाही. पडल्यापडल्या स्वप्न लिहायचं, नाहीतर जवळच्या कुणाला तरी हाक मारून सांगायचं. कारण स्वप्न थांबत नाही. पाच-दहा मिनिटांत ते पुसलं जातं आणि मग कितीही डोकं खाजवलं तरी परत येत नाही. हे मी किती वेळा सांगितलं असेल? घरी येऊनही सांगायचो. जेवताना.

घरी महानंदा होती, माझी पत्नी. देगलूरची. रोज सकाळी अंघोळ करून कपाळाला विभूती लावायची आणि डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन दहा मिनिटं बसायची. ती त्याला ध्यान म्हणत नव्हती. मीही तसल्याच लिंगायत घरातला, पण चार पुस्तकं वाचून ते सोडून दिलं होतं आणि पहाटे मागच्या खोलीत, दार लोटून, अर्धा तास माझं ध्यान करायचो. वीस वर्षं झाली, असं मुलांना सांगायचो. बसत होतो, एवढं खरं. पहिली काही वर्षं प्रयत्नही केला. पुढे नुसतं बसणं उरलं. पेन्शनचं काम, भाजी, कुणाचं जुनं बोलणं — डोळे मिटून हेच चालायचं.

तिला ते ठाऊक नव्हतं. तिच्या माहेरी लिंगपूजेला बसलेल्या माणसाला कुणी हाक मारत नाही. दूध उतू गेलं तरी नाही. तोच मान तिनं माझ्या बसण्याला दिला. फोन आला तर हळू आवाजात सांगायची, "सर बसलेत, अर्ध्या तासानं करा." इतक्या वर्षांत तिनं त्या दारावर कधी बोटसुद्धा वाजवलं नाही.

मग ती आजारी पडली. नांदेडच्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. केस गेले, चव गेली. आणि झोप गेली. झोपेवर तास घेणाऱ्या माणसाच्या घरात झोप नव्हती. मी तिला श्वास मोजायला शिकवलं. तिनं शहाण्या विद्यार्थिनीसारखे मोजले आणि म्हणाली, "झाले की हो मोजून. आता?" मी हसलो.

त्याच दिवसांत वर्गात भाग्यश्री नावाच्या मुलीनं हात वर केला. तीही देगलूरचीच, माझ्या मेहुणीच्या गल्लीतली. "सर, आवाज आपल्यालाच हाक मारत असंल तर? घरचं कुणी असंल तर? तरी जाऊ द्यायचा का?" मागून कुणीतरी म्हणालं, "हिला मेसवाल्या काकू हाक मारतेत, पोळी गार व्हायली म्हणून." सगळे हसले. मी हसू ओसरू दिलं आणि म्हणालो, ध्यान खरं असेल तर हाक ऐकूच येत नाही. मुलांनी ते वहीत लिहून घेतलं.

आता त्या सकाळचं सांगतो.

मी उठलो तेव्हा ती झोपलेली होती. खरंच झोपलेली — तोंड जरासं उघडं, हात गालाखाली. किती दिवसांनी. मी आवाज न करता मागच्या खोलीत गेलो, दार लोटलं, बसलो. थोड्या वेळानं तिची हाक आली. "अहो." मग जरा थांबून, "अहो, ऐका ना." मी डोळे उघडले नाहीत. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "या की लवकर. जायलंय ते."

काय जायलंय, हे मला लगेच कळलं. मीच शिकवलेलं होतं ते. आवाजात दुखणं नव्हतं. दुखण्याची हाक मला पाठ झाली होती, ही तशी नव्हती — तिच्यात खुशी होती. मी त्या खोलीत बसलेलो असताना जिनं जन्मभर हाक मारली नव्हती, ती तीनदा हाक मारत होती.

मी का उठलो नाही? उठलो तर ऐकू आलं असं होणार होतं, आणि मग वीस वर्षांचं माझं बसणं खोटं ठरणार होतं. हे एक. दुसरं याहून हलकं आहे. त्या घरात तो अर्धा तासच माझा एकट्याचा उरला होता. औषधं नाहीत, उलटीचं भांडं नाही, तिचा चेहरा नाही. तो मला द्यायचा नव्हता. मी समोरच्या घड्याळाची टिकटिक ऐकत बसलो. अर्धा तास पूर्ण होईपर्यंत.

मग बाहेर आलो. ती आढ्याकडे बघत होती. काय म्हणत होतीस, असंही मला विचारता येईना — मला ऐकू आलेलंच नव्हतं ना. मी विचारलं, "झोप लागली का?"

"लागली होती की. सपान पडलं होतं. आता काहीच आठवंना बघा." मग माझी समजूत काढल्यासारखं म्हणाली, "छान होतं पण."

त्यानंतर अकराव्या दिवशी ती गेली. आमच्यात माणसाला बसवून माती देतात. तिलाही मांडी घालून ताठ बसवलं, तळहातावर लिंग ठेवलं. माझ्या वर्गात इतकं ताठ कुणी कधी बसलं नव्हतं.

इथं थांबलो असतो तर ती माझी एकट्याची गोष्ट राहिली असती. पण महिन्याभरानं मी तासाला गेलो. विषय स्वप्नांचाच होता, आणि उठल्याउठल्या सांगा, हे वाक्य मी अर्ध्यावर सोडलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो — माझ्या पत्नीनं जाण्याआधी तिचं शेवटचं स्वप्न मला सांगितलं. जाग आल्याआल्या. मी शेजारीच होतो. आणि मग ते स्वप्न मी तिथंच, उभ्याउभ्या, तयार केलं. देगलूरचं अंगण. तिचे गेलेले केस परत आलेले, पार कमरेपर्यंत. तिची वारलेली आई मागे बसून तेल लावते आहे, वेणी घालते आहे. समोरच्या ओळीतली भाग्यश्री रडत होती. मला बरं वाटलं. हेही लिहायला हवं — मला बरं वाटलं.

भाग्यश्रीनं घरी फोन केला असणार. आठ दिवसांत माझी मेहुणी कमल देगलूरहून बसनं आली. चपला काढता काढता म्हणाली, "दाजी, अक्काला आई दिसली म्हणं सपनात?"

त्या वेळी खरं काय ते तोंडाशी आलं होतं. मी हो म्हणालो.

"लुगडं कोणतं होतं आईचं?"

"रंग नाही सांगितला तिनं."

"हिरवं असंल," कमल म्हणाली. "जाताना हिरवंच होतं."

"हो, हिरवं म्हणाली," मी म्हणालो.

ती बराच वेळ पदरानं डोळे पुसत राहिली. मग म्हणाली, तुमच्या हातानं लिहून द्या, माझ्याच्यानं ध्यानात राहायचं नाही. मी चाळीस पानी वहीतलं पान फाडलं आणि सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. वर महानंदाचं नाव घातलं. कमलनं ते प्लॅस्टिकमध्ये बसवून देव्हाऱ्यात, आईच्या फोटोजवळ ठेवलं आहे. महानंदाच्या दर पुण्यतिथीला मी देगलूरला जातो. जेवणं व्हायच्या आधी ती ते पान काढते आणि ओळीखाली बोट फिरवत सगळ्यांना वाचून दाखवते. चार वर्षं झाली. वाचताना हिरव्या लुगड्याशी थांबून ती माझ्याकडे बघते आणि मी मान हलवतो.

तास अजून घेतो. स्वप्नांचाही घेतो. पहाटे मागच्या खोलीत बसतोही, दार उघडं ठेवून. समोरच्या खोलीत तिची खाट आहे, तिच्यावर धुतलेले कपडे पडलेले असतात.

तिनं त्या सकाळी काय पाहिलं, मला माहीत नाही. आई होती की नव्हती, केस होते की नव्हते. ते कुणालाच आता कळणार नाही. ते तिला फक्त मलाच सांगायचं होतं. मध्ये एक दार होतं, नुसतं लोटलेलं, आणि मी जागा होतो.