झाकून ठेवलेली भाकर

दक्षिण सुदानला जायची ऑर्डर आली तेव्हा मी सुट्टीवर मेडशीला होतो. मायला सांगितलं. ती मेथीच्या जुड्या बांधत होती, दुसऱ्या दिवशी मालेगावच्या बाजारात न्यायच्या म्हणून. हात न थांबवता तिनं विचारलं, "तिकडं तुले वयखीचं कोण हाये?"

"पूरी बटालियन हाये ना माय."

"बटालियन म्हणजे काई गाव नोय," ती म्हणाली.

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. मी मूळचा काळजी करणारा माणूस. नववीत शाळा सुटली, आठवी पासच्या दाखल्यावर फौजेत ट्रेड्समन म्हणून भरती झालो. ट्रेड कुक. लोकांना वाटतं कुक म्हणजे काही खरा सैनिक नाही. फौजेत माणूस आधी सैनिक असतो, मग कुक. रायफल माझ्याही नावावर होती आणि संत्री ड्यूटी, म्हणजे पहारा, मलाही लागायची.

आम्ही तिथं शांतिसेनेचे म्हणून गेलो होतो. आमच्या कंपनीचं पोस्ट एका लहान वस्तीला लागून होतं. चारी बाजूंनी तार, मातीच्या पोत्यांचे मोर्चे, मधे तंबू, एका टोकाला हेलिपॅड आणि दुसऱ्या टोकाला माझं लंगर, म्हणजे स्वयंपाकाचा तंबू. काम ठरलेलं. पहाटे चहा, मग पुरी-भाजी, दुपारी डाळ-भात, संध्याकाळी रोटी. कंपनी कमांडर मेजर साहेब पंजाबचे. त्यांचा एक नियम कडक होता. बाहेरचं शिजलेलं अन्न गेटच्या आत येणार नाही. शंभरावर माणसांच्या पोटाचा प्रश्न, म्हणून मलाही तो पटत होता.

पहिल्याच आठवड्यात पाऊस झाला आणि मी चाट पडलो. माती काळी. आमच्या वावरासारखीच काळी, चिकट. दोन पावलं टाकली की बूट मणाचे होत.

हवालदार सर्जेराव साताऱ्याकडचे. पाण्याच्या टँकरचे ड्रायव्हर. चिखलात रुतलेलं माझं पाऊल बघून ते म्हणाले, "काय रं वऱ्हाडी, तुमची माती हितं बी आली व्हय तुझ्या मागं मागं?"

"मातीले माया हाये हवालदार साहेब. तुमच्या साताऱ्याची आली का?"

"आमची माती शानी हाय. पावसात घरातनं भाईर पडत न्हाय."

कंपनीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. ते मला 'काहून-कायले' म्हणून चिडवायचे, मी त्यांना 'रं-रं' म्हणून. पण माझ्या हातची रोटी खाताना ते रोज एकच कुरकुर करायचे. "लेका, गव्हाचं खाऊन खाऊन जीभ मेली. भाकर कवा करतूस?"

ज्वारी आणायची कुठून? ती गेटसमोरच होती. समोरच्या कडुनिंबाखाली आचोल नावाची बाई चहा विकायची. चाळिशीची, उंच, कपाळावर गोंदल्यासारख्या रेघा. एक दिवस संत्री ड्यूटीवर असताना मी पाहिलं, ती उखळात काहीतरी कांडत होती. दाणे पाहिले आणि माझे डोळेच भरून आले. ज्वारी! तिकडं तिला 'दुरा' म्हणतात. आमच्या दुभाष्याला, डेंगला मध्ये घालून, साहेबांना विचारून मी तिच्याकडून थोडं पीठ घेतलं. पीठ कच्चं होतं, त्यामुळे नियम मोडला नाही.

त्या संध्याकाळी सर्जेराव पहिला घास तोंडात घालून हळूहळू चावत राहिले. मग म्हणाले, "थोडी जाड झालीया." पण डोळे पुसले.

एक भाकर मी आचोलला दाखवली. तिनं ती हातात तोलली आणि हसून हसून खाली बसली. डेंग म्हणाला, "ती विचारते, ही खायची आहे की घरावर घालायची?" त्यांची भाकर कागदासारखी पातळ असते, आंबवलेल्या पिठाची. तेव्हापासून ती मला बघितलं की दोन्ही तळहात एकावर एक आपटून थापायची नक्कल करायची. मी पण हात जोडायचो. आमचं एवढंच बोलणं.

सर्जेरावांची ओळख मात्र सगळ्या वस्तीला होती. नदीवरून भरून आणलेला टँकर पोस्टवर रिकामा केला की टाकीत उरलेलं पाणी ते कडुनिंबाखाली बायकांच्या डब्यांत सोडायचे. साहेबांना माहीत होतं. पोरं लांबून टँकर दिसला की ओरडायची, "मोया! मोया!" मोया म्हणजे पाणी. तेच त्यांचं नाव पडलं.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी सकाळभर पाऊस होता. दुपारी उघडला, म्हणून टँकर निघाला. मी लंगरमध्ये कांदा कापत होतो. शेजारच्या तंबूत रेडिओ होता, तो ऐकू आला.

"ब्राव्हो, ब्राव्हो, टँकर पलट गया. कैजुअल्टी एक. सीरियस. ओवर."

"लोकेशन बताओ. ओवर."

"नाले के पास. गाड़ी नहीं आ सकती. पैदल आओ. ओवर."

रस्त्याची कड पावसानं पोखरली होती. टँकरच्या वजनानं ती बसली आणि गाडी कलंडली. टँकरसोबतच्या एस्कॉर्टमधल्या जवानांनी सर्जेरावांना बाहेर ओढलं होतं, पण स्टिअरिंग पोटात बसलं होतं.

कंपनीतली बरीच माणसं पेट्रोलिंगला बाहेर होती. मेजर साहेबांनी हाताशी होते तेवढे गोळा केले. नर्सिंग असिस्टंट, दोन जवान आणि मी. स्ट्रेचर घेतलं. साहेब एवढंच म्हणाले, "हेलिकॉप्टर निकल चुका है. ऊपर बादल हैं. अँधेरे में वो नहीं रुकेगा. उसके पहले ले आओ."

आम्ही पोचलो तेव्हा सर्जेराव शुद्धीत होते. रक्त बाहेर दिसत नव्हतं, आणि नर्सिंग असिस्टंटच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तेच वाईट आहे. त्यांनी पाणी मागितलं. नर्सिंग असिस्टंट म्हणाला, "पेट की चोट है, पानी बिल्कुल नहीं. बस होंठ गीले करो."

स्ट्रेचर उचललं. दहा-बारा पावलांवर पुढचा जवान घसरला. परत उचललं. मग मी घसरलो. दर पडण्याला सर्जेरावांच्या तोंडून एक आवाज निघायचा, तो मी इथं लिहीत नाही. पोस्ट समोर दिसत होतं आणि आम्ही जागच्या जागीच होतो. मी आभाळाकडं पाहत होतो, ढग उतरत होते. माझ्या डोक्यात मायचं वाक्य फिरत होतं. बटालियन काई गाव नोय.

तेवढ्यात वस्तीकडून माणसं येताना दिसली. एस्कॉर्टच्या जवानानं बंदूक सरळ केली. डेंग मागून पळत येत होता, तो ओरडला, "नो, नो! दे आर कमिंग फॉर मोया!"

सगळे अनवाणी. पुढं एक उंच म्हातारा. त्यानं आम्हाला काही विचारलं नाही. माझ्या हातातली दांडी घेतली आणि खांद्यावर ठेवली. दुसऱ्यानं दुसरी. बघता बघता स्ट्रेचर आमच्या डोक्यांच्या वर गेलं आणि चालू लागलं. चिखलातून, पण सरळ. खांदा दुखला की बाजूचा माणूस आपला खांदा खाली सरकवायचा. स्ट्रेचर थांबत नव्हतं.

मी बूट काढून गळ्यात अडकवले. आमच्याकडं पावसाळ्यात वावरात चप्पल हातातच असते, हे मला फौजेनं विसरायला लावलं होतं. मी बाजूनं पळू लागलो. वरून सर्जेरावांचा आवाज आला.

"वऱ्हाडी."

"जी, हवालदार साहेब."

"जित्तेपणीच खांद्यावर घेतलं रं मला."

"बोलू नका तुमी."

"घेतलं तर घेतलं. पर पाय म्होरं हाईत माझं. डोकं तरी म्होरं कर की."

मी पाहिलं. खरंच पाय पुढं होते. आपल्याकडं पाय पुढं कोणाचे करतात ते सांगायला नको. मी "थांबा! थांबा!" म्हणून मराठीतच ओरडलो. म्हाताऱ्यानं वळून पाहिलं. मी डेंगला मोडक्यातोडक्या इंग्रजीत घाईघाईनं सांगितलं, आमच्यात असं मेलेल्याला नेतात, डोकं पुढं पाहिजे. आत्ता त्याची वेळ होती का, मलाच कळत नव्हतं. डेंगनं सांगितलं. म्हातारा हसला नाही, चिडला नाही. त्यानं जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढला. त्याबरोबर सगळ्यांनी खांद्यावरच स्ट्रेचर गर्रकन फिरवलं, बैलगाडी फिरवावी तसं, आणि पुन्हा चालू लागले.

"आता कसं," सर्जेराव म्हणाले.

कडुनिंबापाशी आचोल उभी होती. तिच्यासमोर पाण्याचा डबा होता, आदल्या दिवशी सर्जेरावांनीच भरून दिलेला. नर्सिंग असिस्टंटनं तिला बोटानं ओठ दाखवले, मानेनं 'जास्त नाही' सांगितलं. तिनं अंगावरच्या कपड्याचं टोक भिजवलं, माणसांनी स्ट्रेचर तिच्यासाठी थोडं खाली केलं, आणि तिनं त्यांचे ओठ पुसले. कपाळही पुसलं. मग तळहातावर तळहात आपटून भाकर थापायची नक्कल केली. त्याही अवस्थेत ते हसले.

हेलिकॉप्टर पंखे चालू ठेवून उभं होतं. उजेड होता अजून. आम्ही वेळेत पोचलो होतो. आत ठेवताना सर्जेराव माझ्या कानाशी म्हणाले, "माझी भाकर झाकून ठिव. उद्या खाईन."

हेलिकॉप्टर ढगात गेलं आणि मी हेलिपॅडवर बसून घेतलं. आनंदानं. वस्तीतली माणसं तारेपलीकडं उभी राहून बघत होती. त्यांना काही द्यावं असं सुचण्याच्या आतच ती निघूनही गेली. मी भाकर केली आणि परातीखाली झाकून ठेवली.

सकाळी रेडिओवर बातमी आली. ऑपरेशन टेबलवर ते गेले.

झेंडा अर्ध्यावर उतरवला. मी लंगरमध्ये गेलो, स्टोव्ह पेटवायला हात पुढं केला आणि तसाच उभा राहिलो. माणसांना चहा तर लागणार होता. पण आमच्या मेडशीत ज्या घरातून माणूस जातं, त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारी भाकर-पिठलं आणतात. त्याला कडू घास म्हणतात. तो घास कोणालाच गिळवत नाही, पण शेजारी समोर बसून गिळायला लावतात. मला वाटलं, इथं कोण आणणार? शेवटी मायचंच खरं.

गेटवरून संत्रीचा आवाज आला, "कुक को भेजो!"

गेटबाहेर पंधरा-वीस बायका उभ्या होत्या. पुढं आचोल. प्रत्येकीच्या डोक्यावर झाकलेलं भांडं. मेजर साहेबही आले. डेंगनं विचारलं आणि सांगितलं, "झेंडा खाली दिसला म्हणून आल्या. म्हणतात, ज्या घरात माणूस गेलं तिथं आज धूर निघू नये. तुमच्यात बायका नाहीत, पण चूल तर आहे."

भांड्यांत ज्वारीच्या पातळ भाकरी होत्या आणि भेंडीचं कालवण. वस्तीत त्या दिवसांत लोक एक वेळ जेवत होते. पीक यायला वेळ होता. कोणत्या कणगीच्या तळातून ती ज्वारी निघाली असेल, हे शेतकऱ्याच्या घरचा माणूस म्हणून मला कळत होतं.

साहेब नियमाचे पक्के. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "कुक, क्या बोलते हो? खाना तुम्हारी जिम्मेदारी है."

साहेबांपुढं मी कधी दोन वाक्यं धड बोललो नव्हतो. तरी बोललो. "साब, हमारे गाँव में भी ऐसा ही होता है. ये खाना वापस नहीं भेजते. भेजा तो मतलब, हम आपको अपना नहीं मानते."

साहेबांनी तारेपलीकडच्या भांड्यांकडं पाहिलं. मग म्हणाले, "हमारे में भी." आणि संत्रीकडं वळून, "गेट खोल. पहले मैं खाऊँगा."

पूर्ण कंपनी जमिनीवर पंगतीला बसली. बायका वाढत होत्या. मला गिळेना. आचोल माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली. नुसती माझ्या हाताकडं पाहत राहिली. मी घास तोंडात घातला तेव्हाच उठली.

मग मी परात उचलली. रात्रीची भाकर वाळली होती. तिचे तुकडे करून मी सगळ्यांना थोडे थोडे वाढले. वस्तीतल्या बायकांनाही. या वेळी जाडपणावर कोणी हसलं नाही.

मिशन संपल्यावर मी आधी मेडशीला न जाता सर्जेरावांच्या गावी गेलो. त्यांची आई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिनं रडारड केली नाही. मेडल, पेन्शन, काही विचारलं नाही. एकच विचारलं, "पोराच्या तोंडात शेवटचं पानी कुनी घातलं रं?"

सरकारी कागदात याचं उत्तर नव्हतं. मी सांगितलं. आचोलचं, कडुनिंबाचं, डोकं पुढं करायला लावलं त्याचं, सकाळच्या भांड्यांचं. डोकं पुढं करायला लावल्याचं ऐकून ती हसली. "त्येच की. लहानपनी झोपतानाबी उलटाच झोपायचा." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "खांदा दिला, पानी पाजलं, कडू घास आनला. मंजी ती आपली भावकीच झाली की."

मी घरी येऊन मायला ते सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. म्हणाली, "मंग तिकडं गाव होतं म्हन की तुले."

आता मी रिटायर आहे. आमच्या शिवारात सगळीकडं सोयाबीन आणि तूर. मी मळ्याच्या कडेला थोडी ज्वारी पेरतो. पाखरं अर्धी खातात. शेजारचे म्हणतात, "काहून रे बावा, परवडते का हे तुले?" मी पाखरं हाकायला लागतो. टँकर कलंडला तो दिवस येतो तेव्हा मी स्वतः भाकरी थापतो. एक जाड करतो, हवालदार सर्जेरावांची, आणि परातीखाली झाकून ठेवतो. सकाळी तिचे तुकडे करून घरात सगळ्यांना वाढतो, आणि वाढताना स्ट्रेचरची दांडी खांद्यावर घेणाऱ्या त्या म्हाताऱ्याचं नाव विचारायचं राहून गेलं, हे मला दर वर्षी आठवतं.