सदतीसचा पासंग

इथल्या भुताखेतांच्या गोष्टी मी वाचते, पण खरं सांगू? कीव येते. पिंपळ, पांढरी साडी, उलटे पाय... आणि शिकलीसवरलेली माणसं हे लिहितात! आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. असल्या भाकडकथांपासून लांब जायचं म्हणूनच फिजिक्स घेतलं. त्यामुळे हे लिहिताना हात अडखळतोय.

घाटकोपर पश्चिम, भटवाडीतली आमची खोली. रविवार, दुपारचे तीन. लख्ख उजेड होता — अंधाराचं निमित्त नको.

एम.एस्सी.चा प्रोजेक्ट चालू होता. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत न्यूट्रॉन, म्हणजे अणूच्या गाभ्यातले कण, इतके थंड, म्हणजे इतके संथ करतात, की आपण पळत जाऊन त्यांना गाठू. मग ते आरशावर चेंडूसारखे टप्पे खातात. टप्प्याच्या उंचीत जरासा जरी फरक निघाला, तर निसर्गात अजून न सापडलेलं एखादं बल असू शकतं. त्यांनी पाठवलेल्या मोजमापांत तो फरक मी शोधत होते. पण माणूस हवं तेच शोधून काढतो, म्हणून तिथले लोक सगळ्या मोजमापांत एक गुप्त आकडा आधीच मिसळतात. आकडा बंद पाकिटात, पाकीट आमच्या सरांच्या कपाटात, किल्ली सरांकडे. काम संपल्यावरच उघडायचं.

माझी आत्या माहुलची, मासे विकते. त्या दुपारी पाटी दाराबाहेर ठेवून पाणी प्यायला आली. लॅपटॉपवरचा आलेख बघून म्हणाली, "काटा खोटा हाय गं ह्यो."

"आत्या, हा काटा नाही. तुला नाही कळायचं ते."

"पासंग लावलाय कुनीतरी. सदतीसचा."

पासंग म्हणजे तराजूच्या पारड्याला गुपचूप अडकवलेलं वजन. एवढं बोलून तांब्या ठेवला आणि गेली.

मी हसले. मोजमापांतले बाकीचे दोष अजून काढायचे होते. नुसतं बघून तो आकडा कुणालाच कळला नसता. हे थोतांड असेल तर सरांना सांगायची गरजच नव्हती. पण आकडा कानावर पडला होता, नकळत मीही तोच शोधला असता, हेही खरं... पीएचडीसाठी सरांचं शिफारसपत्र हवं होतं. तरी काम संपल्यावर, पाकीट उघडायच्या आधी सांगून टाकलं.

सर खदखदून हसले. "मासेवाली? वा! मग लॅब कशाला चालवतोय आपण? बाजारातच बसू ना!"

पाकिटाच्या चिकटपट्टीवरची स्वतःची सही त्यांनी नीट तपासली. मग फोडलं.

सदतीस.

"टॉर्च मारून वाचलास ना आकडा? तुम्हा लोकांना शॉर्टकटच लागतो."

"सर, कपाटाची किल्ली तुमच्याकडे होती. आणि वाचला असता, तर आधी सांगितलं असतं का?"

सरांनी पाकीट परत कपाटात टाकून किल्ली फिरवली. शिफारसपत्र मिळालंच नाही.

सदतीस वजा केल्यावर फरक काही उरला नाही. नवं बल सापडलं नाही. तो निकाल मला मान्य आहे.

पुढे मी आत्याची परीक्षा घेतली. पाच आलेख केले, प्रत्येकात माझा एक आकडा लपवला. पाचही वेळा ती म्हणाली, "खरा हाय."

"बघ! तेव्हाही तुक्काच होता तुझा," मी म्हणाले. अगदी सरांच्या सुरात.

"ह्ये तूच केलंस ना?"

"हो."

"मंग? घरच्या मान्साचा काटा कोन तपासतं गं?"

सदतीसचा उलगडा मला आजही झालेला नाही. हसायचं तर हसा. मीही हसलेच होते.