बोडीवरच्या उजेडाची फाईल

वडशाच्या स्टेशन रोडवर कय्यूम शेखचं घड्याळ आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान. लोक त्याला पाठीमागे ‘तबकडीवाला’ म्हणत, उडत्या तबकड्यांवरून. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण कय्यूमभाऊ तापट. पण त्याला ते ठाऊक होतं आणि त्याचं त्याला फारसं काही वाटत नसे.

हे सुरू झालं ते सिंदेवाहीकडे आभाळातून धातूचं भलंमोठं कडं पडलं तेव्हा. कय्यूम दुसऱ्याच दिवशी दुकान बंद करून पाहायला गेला. ते रॉकेटचं होतं असं पुढं कळलं. पण साहेब लोक टेप घेऊन ते मोजताना आणि कागदावर उतरवताना त्यानं पाहिले, आणि त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली: आभाळातून काही आलं तर सरकार ते कुठं तरी लिहून ठेवतं. मग चंद्रपूर-गडचिरोलीत कुणाला आभाळात काही दिसल्याचं कानावर आलं की तो मोपेड काढायचा. एटापल्लीच्या पलीकडेही जाऊन यायचा. किती वाजता दिसलं, कोणत्या दिशेला, आवाज होता का, सगळं विचारायचा आणि माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा. आरमोरीचे धनराज गुरुजी, विज्ञानाचे निवृत्त शिक्षक, त्याला अर्ज लिहून देत. भाषा गुरुजींची, पाय कय्यूमचे.

अर्ज वीसच्या वर गेले. उत्तर मात्र एकच यायचं: ‘सदर माहिती निरंक.’

“आभाळ त्यांच्या बापाचं आहे काय, काहीच नाई म्हनाले?” तो चिडून म्हणायचा. त्याची बायको खुर्शीदा आतून सांगायची, “पहले पाटील की घडी ठीक करो. आभाळ कहीं नहीं जा रहा.”

सुगंधाबाई त्याला भेटली ती अशाच एका फेरीत. बेहडाटोला हे जंगलाच्या कडेचं गाव. नोव्हेंबरात, दिवस मावळताना, ती धानाच्या बांधीत कापलेल्या धानाच्या कडपा गोळा करत होती. शेजारच्या बोडीवर, म्हणजे लहानशा तळ्यावर, तांब्याच्या रंगाचा एक उजेड येऊन थांबला. आवाज नाही, धूर नाही. बोडीतले बगळे एकदम उठले. उजेड तसाच बराच वेळ राहिला आणि मग सरळ वर जाऊन दिसेनासा झाला. तिनं गावात येऊन सांगितलं. तिसऱ्या दिवशी तालुक्याहून एक साहेब आला, बोडी पाहिली, तिचा जबाब लिहून घेतला, सही घेतली आणि गेला. कय्यूम पोचला चौथ्या दिवशी.

त्यानं उलटसुलट विचारलं. बाई डगमगली नाही. जे माहीत नव्हतं त्याला माहीत नाही म्हणाली. किती उंच होता, असं विचारल्यावर म्हणाली, “ते मी कशी सांगू जी? मी काय वर गेली होती?” कय्यूमला ती तिथंच पटली. इतक्या वर्षांत असा साक्षीदार त्याला मिळाला नव्हता.

त्यानं वडशाला परतून गुरुजींना फोनवर सगळं सांगितलं, आणि तीच चूक झाली. पंधरवड्यात मोबाईलवर एक व्हिडिओ फिरू लागला. धनराज गुरुजी खुर्चीत बसून सांगत होते की बेहडाटोल्याच्या महिलेशी परग्रहावरच्या जिवांनी संवाद साधला. कय्यूम तडक आरमोरीला गेला.

“गुरुजी, बाई असं बोलली काय?”

“अरे, जरासं वाढवून सांगतलं. नाई तं कोन ऐकते? पाह्य, किती लोकायनं पाह्यलं.”

गुरुजींच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. उलट केसांना नवा कलप होता. कय्यूमनं समोरचा चहा तसाच ठेवला, चपला घातल्या आणि निघाला. पुन्हा त्या घराची पायरी तो चढला नाही.

त्या व्हिडिओची किंमत सुगंधाबाईनं मोजली. ती गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. बारा वर्षं शिजवत होती. लोक म्हणू लागले, बाईला काही तरी लागलं आहे, तिच्या हातचं लेकरांना नको. एक दिवस तिला सांगण्यात आलं की पालक नाराज आहेत, उद्यापासून येऊ नका. कय्यूम भेटायला गेला तर ती दारात बसून होती. सून साधनानं खाट टाकून दिली. सुगंधाबाई म्हणाली, “म्या देव पाह्यला म्हनलं नाई, भूत पाह्यलं म्हनलं नाई. उजेड पाह्यला, उजेड म्हनलं. माह्यं काय चुकलं जी?”

तिचा खरा जबाब सरकारी कागदावर होता. तो काढून शाळेच्या समितीपुढं ठेवला, तर लोकांची तोंडं बंद होतील, एवढं त्याला कळलं. त्यानं अर्ज टाकला, यावेळी स्वतःच्या भाषेत. महिन्यानं उत्तर आलं: ‘निरंक.’

“निरंक कसा? सायबानं माह्यासमोर लिवलं,” बाई म्हणाली.

मग त्यानं तालुक्याच्या कचेरीतलं दप्तर स्वतः पाहण्याची मागणी केली. दोनदा तारीख बदलून तिसऱ्यांदा त्याला आत घेतलं. जिन्याच्या कोपऱ्यात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पिचकाऱ्यांचे थरावर थर होते. रेकॉर्डच्या खोलीत उंदरांची घाण आणि ओलीचा वास. बाबू मोटरसायकलच्या किल्लीनं कान कोरत होता. तीच किल्ली न पुसता फिरवत त्यानं एक गठ्ठा दाखवला. “पाहा. सापडलं तं तुमचं नशीब.”

कय्यूमला ते सापडलं. दीड पानाची फाईल होती. वर गावाचं नाव आणि तारीख, सगळं बरोबर. खाली जबाब: ‘मला आकाशात काहीही दिसले नाही. शेजारच्या शेतात धानाची तणीस जळत होती. मी घाबरून आरडाओरड केली. मला अधूनमधून भास होतात.’ त्याखाली डाव्या हाताचा अंगठा.

कय्यूमनं ते दोनदा वाचलं. सुगंधाबाई गावच्या बचत गटाची सचिव होती. तिची सही त्यानं पाहिली होती, ठसठशीत, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट असलेली. तो अंगठा तिचा नव्हता.

“हा अंगठा कोनाचा आहे?” त्यानं विचारलं.

बाबूनं वाकून पाहिलं. “कोनाचा बी असन. फाईल पूरी झाली ना, भाऊ?”

कय्यूमनं फाईलचा नंबर कागदावर उतरवून घेतला. खाली येऊन तो लिंबाच्या झाडाखाली उभा राहिला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की सरकार काही तरी मोठं लपवतं. त्या समजुतीत एक आदर होता, हे त्याला आज कळलं. लपवणारा निदान डोळे उघडून पाहतो. इथं कुणी पाहिलंच नव्हतं. सही केलेला कागद कुठं तरी हरवला असेल, आणि एका माणसाला परत जाऊन नीट लिहायचा कंटाळा आला, म्हणून त्यानं एका बाईला वेडी ठरवून कागद पुरा केला होता. आणि आपण अशाच कागदांच्या मागे वर्षानुवर्षं हात जोडून फिरलो, याची त्याला स्वतःचीच किळस आली.

घरी त्याला जेवण गेलं नाही. खुर्शीदानं सगळं ऐकून घेतलं. एरवी ती टोमणा मारायची. त्या दिवशी मारला नाही. “उस बाई को लेके जाओ,” ती म्हणाली. “अकेले मत जाना.”

कय्यूमनं अपील केलं. सुनावणीला सुगंधाबाई धुतलेलं लुगडं नेसून आली. अपिलीय अधिकारी तरुण होता, घाईत होता. त्यानं फाईल चाळली आणि म्हणाला, “माहिती तर मिळाली ना तुम्हाला? मग अपील कशाचं?”

“साहेब, हा जबाब हिचा नाई,” कय्यूम म्हणाला.

“कशावरून?”

सुगंधाबाईनं टेबलावरचा पेन उचलला. कुणाला न विचारता अधिकाऱ्याच्या समोरच्या कोऱ्या कागदावर नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट. मग पेन टोपण लावून परत ठेवला. “मले लिवता येते जी. अंगठा लावाले मले काय झालं होतं?”

अधिकाऱ्यानं एकदा सहीकडे, एकदा अंगठ्याकडे पाहिलं. बाबू भिंतीकडे पाहत होता. “चहा सांगा यांना,” अधिकारी म्हणाला.

“चहा नोको,” कय्यूम म्हणाला. “लिवा.”

शेवटी लिहिलं गेलं. बाईचा जबाब नव्यानं घेतला, तिच्या शब्दांत, आणि तिनं तो वाचून मगच सही केली. बोडी, बगळे, तांब्यासारखा उजेड, सगळं आलं. ‘तो काय होता ते मला माहीत नाही’ हे शेवटचं वाक्य तिनं आग्रहानं घालायला लावलं. साक्षांकित प्रत मिळाली. ती शाळेच्या समितीत वाचली गेली, तेव्हा पुष्कळजण खाली पाहत होते. अध्यक्ष म्हणाले, बाई, परत या. पण तोवर तिच्या जागी अन्नपूर्णा नावाची एक विधवा बाई लागली होती. सुगंधाबाई म्हणाली, “तिच्या पोटावर पाय देऊन मी नाई येत. मी येडी नाई एवढं लिहून द्या.” ते मात्र त्यांनी दिलं नाही.

कय्यूमनं त्यानंतर आभाळाबद्दल एकही अर्ज टाकलेला नाही. धनराज गुरुजींचा माणूस दोनदा निरोप घेऊन आला, तर त्यानं दुकानातूनच हात हलवून त्याला वाटेला लावलं. एक अर्ज तेवढा त्यानं केला: त्या फाईलवर अंगठा कुणाचा, आणि जबाब लिहिणाऱ्यावर काय कारवाई झाली? उत्तर आलं, निरंक. त्यानं वरचं अपील केलं आहे. तारीख अजून लागलेली नाही. दर सोमवारी तो पोस्टात जाऊन विचारतो, आणि पोस्टमननं नकाराची मान हलवली की रस्त्याच्या कडेला थुंकून दुकान उघडायला जातो.